होणाऱ्या जावयाची दाढी आणि माझा रेझर

जरीपटका, नागपूर
ऐन मे महिना

आदरणीय भीमाताईस,

धाकट्या भावाचा सविनय जयभीम. भाऊजींचा खोकला उतरला असेल, भिवापूरच्या उन्हात मिरच्या खडखडीत वाळल्या असतील आणि कुलरमध्ये पाणी कोणी टाकायचं यावरून तुमच्याकडेही रोज भांडण होत असेल, अशी आशा करतो. इकडे आम्ही ठीक आहोत. (ठीक म्हणजे तुझी भावजय नंदिनी माझ्याशी जेवणापुरतं बोलते. मधले काही दिवस तेवढंही नव्हतं.) सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मधेच हसायला लागतेस आणि माझी गोष्ट तिथेच राहून जाते. म्हणून हे पत्र.

तुला माहीतच आहे, खापरखेड्याच्या वीज केंद्रात मी जन्मभर अवाढव्य टर्बाइनचे नट आवळले. निवृत्त झाल्यावर वाटलं, आता मुठीत मावेल असं काहीतरी स्वतःच्या डोक्याने बनवावं. त्याच सुमारास प्लास्टिकच्या फेकाऊ रेझरने माझा गाल सोलला आणि विषय आपोआप ठरला. एकाच बाजूला धार असलेलं जाड ब्लेड बसेल असा पितळी रेझर बनवायचा, असा की बापाने वापरावा आणि मग पोराने वापरावा. (आपल्याला पोरगी आहे, हे मला नकाशा पूर्ण झाल्यावर आठवलं, असं नंदिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.)

हिंगण्याला दुर्गेशचं लेथचं वर्कशॉप आहे. वीज केंद्रातल्या माझ्या जुन्या सोबत्याचा हा पुतण्या. त्याच्याकडे पहिला नमुना करून घेतला. अशा रेझरमध्ये सगळी करामत ब्लेडची धार आणि तिच्या पुढची आडवी पट्टी यांच्यातल्या फटीत असते. फट मोठी झाली तर गाल कापतो. मी सुरक्षिततेचा इतका विचार केला की धार कातडीपर्यंत पोचेचना. फेस निघाला, दाढी होती तिथेच राहिली. दुसऱ्या नमुन्यात फट सुधारली, पण मुठीच्या नकाशावर व्यासाच्या जागी मी त्रिज्येची खूण करून बसलो. दुर्गेशने नकाशाप्रमाणे बरोबर दुप्पट जाडीची मूठ बनवून दिली. फोनवर त्याने विचारलंही होतं, "काका, हे दाढीचंच आहे ना?" मी म्हटलं, "तू नकाशा पाहा." ती मूठ आता नंदिनी ठेचा कुटायला वापरते. शेजारच्या यमुताईंनी तशीच एक मागितली आहे. माझ्या कारखान्याला आलेली ही एवढी एकच मागणी.

तिसरा नमुना मात्र खरोखर जमला, ताई. मी हौसेने पंचवीस रेझर बनवून घेतले, निकेलचा मुलामा दिला, खोक्यांवर पोरीचं, भूमिकाचं, नाव छापलं आणि विकायला बाहेर पडलो. तेव्हा कुठे मला नागपूरची तरुण पिढी नीट दिसली. सगळ्यांना दाढ्या. दुकानदाराला दाढी, गिऱ्हाइकाला दाढी, बाजूच्या सलूनवाल्याला तर छातीपर्यंत. एकाने रेझर हातात घेऊन बराच वेळ न्याहाळला आणि शोकेसमध्ये ठेवायला शोभेल म्हणाला.

आता मुख्य गोष्ट. लग्नाच्या जेवणाचं ठरवायला रविवारी प्रशिक घरी आला होता. साखरपुड्यात तू पाहिलाच आहेस, वाडीच्या कॉलेजात शिकवतो, काळीभोर भरगच्च दाढी, वागायला अतिशय नम्र. हा नम्रपणाच नडला. बोलता बोलता तो म्हणाला, "बाबा, तुमचा रेझर मले पाहाचा आहे." त्याला खरोखर पाहायचाच होता. मला मात्र इतकं भरून आलं की मी त्याला ओसरीवरच्या बेसिनपाशी बसवून गळ्यात टॉवेल अडकवला आणि कात्रीने दाढी उतरवायला लागलो. तो "बाबा, पण..." असं काहीतरी म्हणत होता. मला वाटलं, गार पाण्याबद्दल असेल. फेस लावला, रेझर फिरवला, आणि त्याचं म्हणणं मला नीट ऐकू आलं तोवर डावा गाल साफ झाला होता. एवढं झाल्यावर उजवा ठेवून काय करणार. रेझर इतका सुंदर चालला, कुठे ओरखडा नाही, रक्ताचा थेंब नाही. ताई, माझ्या आयुष्यातलं हे सर्वात यशस्वी काम, आणि त्याचं कौतुक करायला घरात एक माणूस तयार नाही.

दाढीखाली हनुवटी फारशी निघाली नाही. ओठ संपले की थोड्याच वेळात मान सुरू होते. भूमिका सरबताचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि खुद्द प्रशिकलाच तिने विचारलं, "प्रशिक कुठं गेला?" मग तिने नीट पाहिलं, ट्रे ठेवला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

त्यानंतर ती त्याचा फोन घेईना. मी तिला समजावायला गेलो, चेहऱ्यावर काय असतं, माणूस चांगला आहे वगैरे. ती म्हणाली, "हनुवटीचं मले काही नाही, बाबा. तुम्ही त्याची दाढी काढून राहिले आणि त्याले नाही म्हणता नाही आलं. असा माणूस उद्या माह्यासाठी कोणासमोर तोंड उघडन का?" पोरीचं लग्न माझ्या एका फटीपायी मोडायला आलं होतं.

शेवटी प्रशिक स्वतःच भर दुपारी आला, तोंडाला दुपट्टा बांधून. (या दिवसांत सगळं नागपूरच तोंड बांधून फिरतं, त्यामुळे त्याची लाज कोणाला कळली नाही.) भूमिका म्हणाली, "काढ तो." त्याने दुपट्टा सोडला आणि म्हणाला, "शाळेत पोरं हनुवटीवरून चिडवत होते, म्हणून दाढी आली तवापासून राखली. तुले सांगाले पाहिजे होतं." मला वाटलं आता जमलं. आनंदाच्या भरात मी आतून एक नवं खोकं आणून त्याच्या हातात ठेवलं. प्रशिकने खोक्याकडे पाहिलं, भूमिकाकडे पाहिलं आणि ते मला परत दिलं. "बाबा, मले हे नको. आणि यापुढे माह्या दाढीले हात लावू नका."

ताई, भूमिका इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मीही हसलो, थोडं उशिरा. नंदिनीने त्या दिवशी मला चहा विचारला.

भाऊजींना जयभीम, लेकरांना आशीर्वाद. ऊन उतरल्याशिवाय घराबाहेर निघू नकोस.

तुझा भाऊ,
रुपराव

ता. क. नागपुरात हे एकधारी ब्लेड कुठेच मिळत नाही. मागवलेली होती ती संपली. तूर्त मीही दाढी राखून राहिलो आहे. पांढरी आहे, पण लोक म्हणतात शोभते.

आणखी एक. फोटोंसाठी प्रशिकची दाढी यायला हवी, म्हणून दोन्ही घरांनी लग्न पुढे ढकललं आहे. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं, तेव्हा मी नातेवाइकांना कळवलं की भीमाताई अंथरुणाला खिळली आहे. बरेच जण तुला पाहायला भिवापूरला निघाले आहेत. तेवढं पडून राहा वं ताई, आणि भाऊजींचा खोकला पूर्ण गेला नसेल तर त्यांच्याकडून शिकून घे.