दुभत्या म्हशीचा घास

मंगळवार, दिवेलागण

गुंड्याला मुतखडा. माझ्या लेकीचा, सईचा हा गिनीपिग लाडात येऊन ओरडतोय असं मी आठवडाभर समजत होते, तो लघवी करताना कळवळून ओरडत होता.

सांगलीच्या डॉक्टरांनी विचारलं, खायला काय देता? मी ऐटीत सांगितलं, लसूणघास, आमच्या दुभत्या म्हशीला घालतो तोच, रोज ताजा. ते म्हणाले, "त्यातल्या कॅल्शियमनंच खडा धरलाय. घास बंद करा, सुकं गवत द्या. शुक्रवारी ऑपरेशन करू, पण जीव लहान आहे, खात्री देत नाही."

सई पुण्याला शिकायला गेली तेव्हा पिंजरा माझ्या स्वाधीन करून गेली. घास मीच सुरू केला. सासरे तेव्हा म्हणाले होते, "उंदराला कुठं घास घालत्यात व्हय?" मी मनात त्यांना चिक्कू म्हटलं. आता कुठल्या तोंडानं सांगू?

घरी येऊन गुंड्याला पिंजऱ्यात ठेवलं, हातपाय धुऊन आले तर जवळ सासरेच बसलेले, हातात घासाची जुडी. "आजारी हाय म्हणून कवळा बघून आणलाय. लय आवडीनं खातंय बग."

मी जुडी काढून घेतली. गुंड्या शिट्टी घालत माझ्याच हाताकडं धावला. त्याला एवढंच माहीत, या हातातून चांगलं मिळतं.