'सरकी' ऐकून गावातले काय म्हणाले

दारव्हा,
नोव्हेंबर २००६

प्रिय राजू,

तू पुण्यात फोन बंद करून बसला आहेस, म्हणून लिहायला घेतलं. तुझी नवी सीडी इकडे आली आणि गावात काय काय झालं, ते तुला कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा मीच सांगते. सख्खी बहीण आहे, गोड करून सांगणार नाही.

आधी संघदीपचं. बसस्टँडसमोर त्याच्या कॅसेटच्या दुकानावर तुमच्या 'वणवा' बँडचं ते मोठं पोस्टर होतं ना, तू माइक गिळायला निघाल्यासारखा ओरडतोयस आणि मागे पियूष ड्रमवर, ते त्याने काढलं. दवाखान्यात ड्यूटीला जाताना मी थांबून विचारलं, तर म्हणाला, "ताई, राजदीपनं आमाले धोका देल्ला. यंदा कापसाले भाव नाही, पोरायच्या हाताले काम नाही, दिवसभर डोकं भणभणते. 'वणवा' लावला की आम्ही घसा फाटेस्तोवर ओरडतो, मंग हलकं वाटते. अन् हा एकटाच बसून हळूहळू गाऊन राह्यला. नाव काय, तं 'सरकी'! सरकी ढोराइले टाकतेत का ऐकतेत?" मला हसू आलं, त्याला नाही आलं. त्याच्या दंडावर तुमच्या बँडचं नाव गोंदलेलं आहे, राजू. तो खरंच दुखावलाय. सीडी मात्र दुकानात रोज लावतो. लावतो आणि गिऱ्हाइकाशी भांडतो. पण शेवटचं गाणं लागलं की ते संपेपर्यंत कुणाला बोलू देत नाही, हेही मी पाहिलं.

शेजारचे दीनानाथकाका, तुमची प्रॅक्टिस सुरू झाली की भिंतीवर काठी आपटायचे तेच, ते मुद्दाम घरी आले. म्हणाले, "आता कुठे तुमच्या राजदीपचे शब्द कळले!" सुचित्राकाकूंना पाठ झालंय म्हणे एक गाणं. हे वाचून तू कपाळावर हात मारून घेशील, ठाऊक आहे मला.

आणि परवाची गोष्ट. दिग्रसला लसीकरणाची मीटिंग होती. हिरासिंगच्या जीपमधून चालले होते, त्याने तुझी सीडी लावली. पुढे बसलेली कॉलेजची पोरं ओरडली, "काढ ना भाऊ हे रडगाणं, 'वणवा' लाव!" हिरासिंगने हात पुढे नेला, तेवढ्यात मागून तांड्यावरची जमनी म्हणाली, "राहू दे. मले ऐकू दे ते." वेचणीहून घरी निघाली होती, बोटांना बोंडांचे ओरखडे. ते गाणं होतं वेचणी आटोपल्यावर रिकाम्या वावरात उगाच उभ्या राहिलेल्या बाईचं. तिने ते पुन्हा लावायला लावलं. पोरं बडबडली, एक जण तर रागाने टपावर जाऊन बसला. उतरताना तिने मला विचारलं, "कोण्या बाईनं लिवलं वो हे?" मी म्हटलं, माझ्या भावाने. तिला काही पटलं नाही. "मानसाले कसं मालूम?" म्हणत निघून गेली.

मला विचारशील तर, मधलं ते इंग्रजी गाणं मला मुळीच आवडलं नाही. एका ठिकाणी गिटार इतकी लांबते की मी भाजी फोडणीला टाकून आले तरी ती चालूच. पण बाकीची गाणी ऐकताना मी हातातलं काम ठेवून दिलं.

आता बाबांचं. तू फार लहान होतास, तुला आठवायचं नाही. बाबा गायनपार्टीत गायचे. बाबासाहेबांची गाणी तर त्यांचा जीव की प्राण, ती ते शेवटपर्यंत मनापासून गायले. पण मधूनमधून स्वतःची बांधलेलीही म्हणायचे, आईवर, विहिरीवर, घरातल्या भांडणावर. संथ गाणी. समोरची पोरं ओरडायची, "जोशातलं होऊ द्या, भीमराजदादा!" हळूहळू बोलावणी कमी झाली. आई घाबरली. तिने हातापाया पडून त्यांची ती गाणी बंद करायला लावली. त्यांनी केली. बोलावणी पुन्हा आली, हार आले, लोक खांद्यावर हात टाकू लागले. कुणाचंच वाईट झालं नाही. फक्त दाढी करताना, बैलाला पाणी दाखवताना ते गुणगुणायचे, ते थांबलं. एकदम नाही थांबलं. एक दिवस मला जाणवलं की घरात फार शांत आहे. ते गेले त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. मी कुणाला कधी विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

राजू, हे पत्र खरं तर मला दुसरंच लिहायचं होतं. मागच्या आठवड्यात पियूष घरी आला होता. गुणी पोरगा आहे, आईच्या पाया पडला. म्हणाला, हिवाळ्यातले कार्यक्रम ठरलेत, राजदीप नाही तर बँड नाही, ताई, तो तुमचं ऐकतो. आईने लगेच मला बसवलं, "लिही त्याले, म्हणा बँडमंधी परत जाय." मी बसले, आणि हे लिहिलं. परत जाऊ नकोस. ओरडावंसं तुला वाटलं तर खुशाल ओरड, पियूषसोबत ओरड, पण लोक रागावले म्हणून नको. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी मी इथल्या शाळेचा हॉल मागून ठेवलाय. स्पीकर संघदीप आणणार आहे, आणि पहिल्या रांगेत बसून नावं ठेवणार आहे, असं त्याने बजावलंय. दहा माणसं आली तरी तू गायचं आहेस. हे सगळं मी आत्ता आईला वाचून दाखवलं. मला वाटलं, फाडून टाकेल. ती कितीतरी वेळ तांदूळच निवडत बसली. मग म्हणाली, "पाठव. अन् त्यात लिही, ते गुणगुणत नोयते, हे मले बी मालूम होतं."

तुझीच,
ममताताई