पाठीतलं सिमेंट

पुणे, तेजसचं घर

तीर्थरूप अक्का,
वाकायला मनाई आहे, म्हणून उभ्यानेच नमस्कार.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. केळीचा घड उचलताना माझ्या पाठीत कळ आली होती ना, तेव्हा एक मणका दबला होता. काल डॉक्टरांनी पडद्यावर बघत बघत पाठीत सुई घातली आणि मणक्यात सिमेंट भरलं. मोठी चिरफाड नाही. मी पालथी, पण शुद्धीवर. न राहवून विचारलं, "डॉक्टर, पाणी किती दिवस मारायचं?" तुझ्या स्लॅबला आपण दोघींनी एकवीस दिवस मारलं होतं! सगळे हसले. हे म्हणे पंधरा मिनिटांत कडक होतं.

आज चालले. बठ्ठं बरं शे, सगळं ठीक. एवढा मोठा लेक, पण तेजस मात्र उगाच रडला.

डॉक्टर म्हणाले, मणके असे दबत गेले की माणसाची उंची कमी होते. अक्का, दिवाळीत तू लोणच्याच्या बरणीची फळी वीतभर खाली घेतलीस. वय झालं म्हणून आपण हसलो. तुझी पाठ दुखते का गं? खरं सांग. हेमराजला म्हणावं, बाकीची कामं राहू दे, आधी आईच्या पाठीचा फोटो काढून आण.

तुझी धाकटी,
सुनंदा