शीतलच्या हळदीबाबत खुलासा

हिंगोली,
रविवार, सकाळ

आयुष्मान कोंडीबा यास,
करुणाआक्काचा सप्रेम जय भीम.

तुझा गुडघा आता कसा आहे? डॉक्टरने सांगितलेला व्यायाम करत नसशीलच, तरी विचारते. लक्ष्मीचा रक्तदाब तपासून घेतला का? तिला म्हणावे लोणचे कमी कर आणि तुझ्याशी बोलणे कमी कर, दोन्हींनी फरक पडेल. मी ठणठणीत आहे. निवृत्त झाल्यापासून प्रकृतीला काही होण्याइतकी फुरसतच मिळालेली नाही.

फोन न करता पत्र लिहिण्याचे कारण उघड आहे. फोनवर तू मध्ये बोलतोस. पत्रात मध्ये बोलता येत नाही. तेव्हा हे पत्र एका बैठकीत, शेवटच्या ओळीपर्यंत, ताजा कलमासकट वाचावे. (शाळेत असताना प्रश्नपत्रिकेची मागची बाजू न बघताच तू पेपर देऊन बाहेर यायचास, म्हणून मुद्दाम लिहिते.)

तुझा आवाजी निरोप मला काल मिळाला. "आक्का, पोरीचे हात पिवळे करून राहिलीस अन् बापाला पत्ता बी न्हाई? उद्याच्या गाडीनं तिला घरी धाड. शिकली तेवढी बास." एवढे बोलून तू रडलास की तुला ठसका लागला ते नीट कळले नाही. दोन्हीपैकी काहीही असले तरी पाणी पी आणि पुढे वाच.

शीतलचे लग्न झालेले नाही. ठरलेलेही नाही. या क्षणी ती माझ्यासमोर जमिनीवर बसून खलबत्त्यात हळकुंडे कुटते आहे आणि बोटे मोडते आहे ती खलबत्त्याच्या नावाने. तिचे हात पिवळे आहेत, हे मात्र खरे. कोपरापर्यंत आहेत. कानाची एक पाळीही आहे. हे कसे झाले ते आता क्रमाने सांगते.

कॉलेजात यंदा विद्यार्थ्यांच्या संशोधन प्रकल्पांची स्पर्धा होती. एका मुलाने सौरऊर्जेवर चालणारे फवारणी यंत्र केले, एका गटाने पूर्णा नदीच्या पाण्यातले क्षार मोजले, कुणी शेणापासून कागद केला (तो कागद मला वास घ्यायला दिला होता, मी दुरूनच शाबासकी दिली). शीतल आणि तिची मैत्रीण इशरत यांनी हळद घेतली. हळद काढली की आपण ती शेतावरच्या मोठ्या कुकरमध्ये वाफेवर शिजवतो, वाळवतो, ढोलात फिरवून पॉलिश करतो आणि मोंढ्यात विकायला नेतो. ती किती वेळ शिजवायची हे आपल्याकडे प्रत्येक जण आपल्या आजीचे नाव घेऊन सांगतो. पोरींनी विचारले, कमी शिजवली तर काय होईल? रंग उतरतो की टिकतो? इंधन किती वाचेल? प्रश्न साधा आहे, आणि एवढ्या हळदीच्या जिल्ह्यात तो आपल्या घरात कुणी विचारला नव्हता, मी विज्ञान शिकवत असूनही.

तुला हे कळवले नव्हते, कारण तुझ्या मते शीतलने फक्त तलाठी भरतीचा अभ्यास करायला हवा. ती तो करते. पहाटे करते. उरलेला दिवस तिचा आहे.

पहिले प्रयोग माझ्या स्वयंपाकघरात झाले. हळदीचा रंग स्पिरिटमध्ये उतरवून घ्यावा लागतो. परिणामी साखर पिवळी झाली, फ्रिजचे दार पिवळे झाले आणि शेजारच्या पद्माबाईंची मांजर, जी पांढरी म्हणून त्यांना फार अभिमान होता, ती पाठीकडून पिवळी झाली. माझी विहारात नेसायची पांढरी साडीही सुटली नाही. मी ती साबणाने धुतली. आता मी बी.एस्सी. आहे, हळदीला साबण लागला की ती लाल होते हे मी वर्षानुवर्षे सातवीच्या वर्गाला कागदाची पट्टी बुडवून दाखवत आले. पण वर्गातले ज्ञान मोरीत आठवत नाही. साडी जिथे पिवळी होती तिथे कुंकवासारखी लाल झाली. लिंबू पिळून ती परत पिवळी करता आली असती, पण लिंबे शीतलने प्रयोगाला वापरली होती. म्हणून साडी तशीच अंगणात दोरीवर वाळत घातली. पद्माबाईंनी कुंपणावरून ती पाहिली, मग शीतलचे हात पाहिले, मग आपली मांजर पाहिली आणि म्हणाल्या, "काहून वं बाई, पोरीचं उरकून बी घेतलं? आम्हाला बुंदीचा एक दाणा न्हाई, अन् मांजरीला मात्र हळद लावली."

मी त्यांना अर्धा तास हळदीचे रसायनशास्त्र समजावले. त्यांनी ऐकून घेतले आणि जाताना विचारले, मुलगा काय करतो.

या घटनेनंतर मी प्रयोग घराबाहेर काढला. कनेरगाव नाक्याजवळ माणिकराव खिल्लारे यांचे शेत आहे. कृषी खात्यातून निवृत्त झालेत, स्वतःचा हळद शिजवायचा कुकर आहे, ऐसपैस शेड आहे. (विधुर आहेत. हे मी केवळ माहितीसाठी लिहिते, तिथे जेवणाची सोय नव्हती हे कळावे म्हणून. डबा आम्ही इथून नेत होतो. चौघांचा नेत होतो, कारण एखाद्याच्या शेडमध्ये बसून त्याच्यासमोर आपणच तेवढे जेवणे आपल्या संस्कारात बसत नाही.) माणिकरावांना सुरुवातीला हा प्रकल्प पटला नव्हता. त्यांचे म्हणणे, हळद शिजली की नाही हे वासावरून कळते, त्याला कॉलेज कशाला. मी म्हटले, तुमच्या नाकाचा आकडा सांगा, तक्त्यात लिहून घेते. त्यानंतर त्यांनी वाद घातला नाही, उलट ताडपत्री दिली.

हळदीचे तीन वाटे केले. कमी शिजवायचा तो शीतलकडे, नेहमीसारखा पूर्ण शिजवायचा तो इशरतकडे. तिसरा वाटा अजिबात शिजवायचा नव्हता, नुसत्या चकत्या करून वाळवायचा, तुलनेसाठी. तो माझ्याकडे दिला. पोत्यांवर नावे माणिकरावांनी खडूने लिहिली: शीतल, इशरत, करुणाबाई. मी विचारले, न शिजणारीला माझे नाव कशाला? ते म्हणाले, "बराबर आहे की मग." मी त्यांच्याकडे पाहिले. (मी पाहिले की मुले गप्प बसतात हे तुला माहीत आहे. हे गप्प बसले नाहीत, हसले.)

आता मुख्य घोटाळा. शेडमध्ये फोनला रेंज नाही. रेंज येते ती नाक्यावर, किसनसिंगच्या ढाब्यासमोर. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या मॅडमना प्रगती कळवायची होती आणि समोरून ट्रक जात होते, म्हणून मला वर्गात बोलतात तसे बोलावे लागले. मी काय बोलले ते शब्दशः देते, कारण त्यातले एकही वाक्य चुकीचे नाही. मी म्हणाले: "शीतलची हळद काल उरकली, मॅडम. माणिकरावांच्या शेडमध्येच. गाजावाजा केला नाही. माझ्या भावाला कळवलेलं नाही, तो घोळ घालतो. इशरतची आज आहे. माझी सगळ्यात शेवटी."

किसनसिंगचा टेम्पो सिद्धेश्वरच्या धरणावर मासे आणायला जातो. जाताना तो रिकामा असतो, म्हणून त्या दिवशी त्याने बातमी नेली. गावोगाव थांबत, काही आठवड्यांनी तुमच्या गावात पोचेपर्यंत तिच्यात एक नवरदेवही बसलेला होता, आणि तो कधी पोलिसात, कधी बँकेत नोकरीला होता असे मी ऐकते.

हीच बातमी इशरतच्या वडिलांपर्यंतही गेली. मोहियोद्दीनभाई दुकान बंद करून थेट शेडवर आले. कपाळाला घाम होता, पण आवाज चढवला नाही. म्हणाले, "मॅडम, हमारी बच्ची का बी हल्दी हो गया बोलते." मी त्यांना पोते दाखवले. त्यांनी पोत्यावरचे नाव वाचले, मग मुलीकडे पाहिले, मग कुकरच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बराच वेळ हसले आणि जाताना पोते उचलायला हात देऊन गेले. हा मनुष्य हिंगोलीहून आला, स्वतः पाहिले, खात्री करून घेतली. याला पडताळणी म्हणतात. तू काय केलेस? भावकी जमवली, जेवण टाकले आणि तुझ्या सासूबाईंनी आहेराची साडी आणली ती ठेवून घेतलीस. ती साडी ताबडतोब परत करावी.

आणि एक गोष्ट तुझ्या लक्षात कशी आली नाही याचे मला नवल वाटते. माझ्या देखरेखीखाली असलेल्या मुलीला हळद लागेल कशी? आपल्या लग्नांत हळद नको, यावर मी गेली कित्येक वर्षे प्रत्येक मांडवात भाषण केले आहे. तुझ्या लग्नातही केले होते आणि तरी मागच्या दाराने तुला हळद लावली गेली, ते मी विसरलेले नाही. माझे स्वतःचे जुळत आलेले लग्न याच एका मुद्द्यावर मोडले. त्या मुलाच्या आई म्हणाल्या, हळद नाही तर सून नाही. मी म्हणाले, ठीक आहे. बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते. तू लहान होतास, तू रडलास, कारण तुला नवे कपडे मिळणार होते.

असो. विद्यापीठाच्या फेरीत काय झाले ते ऐक. मोठे सभागृह, पुढच्या रांगेत मी आणि माणिकराव. (गाडी त्यांची होती.) परीक्षकांनी तक्ता पाहिला आणि शीतलला विचारले की तिसऱ्या नमुन्याला 'करुणाबाई' हे नाव का. तुझी मुलगी न डगमगता म्हणाली, "सर, हा तुलनेचा नमुना आहे. यावर कोणतीही प्रक्रिया झालेली नाही." सगळे सभागृह हसले. मी हसले नाही. नंतर इशरतने निष्कर्ष वाचले. कमी शिजवलेल्या हळदीचा रंग पूर्ण शिजवलेलीपेक्षा कमी नाही, उलट थोडा जास्तच, आणि इंधन चांगलेच वाचते. आणि शेवटचे वाक्य: न शिजवलेल्या हळदीला वाळायला सर्वांत जास्त वेळ लागला, परंतु मूळ रंग सर्वांत जास्त तिच्यातच टिकून होता. यावर माणिकराव माझ्या कानाशी काहीतरी बोलले. ते संशोधनाशी संबंधित नव्हते, म्हणून इथे लिहीत नाही.

पोरींचा प्रकल्प राज्याच्या फेरीसाठी निवडला गेला आहे. आता नीट ऐक, कोंडीबा. ती फेरी पुढच्या महिन्यात आहे आणि शीतल तिला जाणार आहे. तू तिला उद्याच्या गाडीने बोलावशील तर ती येईल, कारण ती तुझे ऐकते, आणि मग इशरत व्यासपीठावर एकटी उभी राहील आणि तक्त्यातला अर्धा भाग कुणालाच समजावता येणार नाही. लोक काय म्हणतील म्हणून तू तिला घरी बसवलेस, तर लोक म्हणतील बातमी खरीच होती. हीच एक संधी आहे तुला, सगळ्या गावाला दाखवायची, की पोरीचे हात कशाने पिवळे होते. तलाठ्याची परीक्षा ती देईल. पास झाली तर शेतकऱ्याचा सातबारा लिहिताना तिला त्याची हळदही कळत असेल.

तेव्हा तिला बोलावू नकोस. विषय संपला. लक्ष्मीला आणि तुला मंगल कामना.

तुझी
आक्का

ता. क. सासूबाईंची साडी परत करायला वर सांगितले आहे. तू कोणतेही काम वेळेवर करत नाहीस, त्यामुळे अजून केली नसशील. राहू दे. रंग कोणता आहे ते मात्र कळव.

ता. क. २. इथपर्यंत वाचलेस, चांगले केलेस. बातमी सपशेल खोटी होती असे मी वर कुठेही म्हटलेले नाही, पुन्हा पाहा. नाव तेवढे चुकले होते. माणिकरावांनी मला विचारले आहे आणि मी हो म्हटले आहे. माझी अट तीच जुनी, हळद लावणार नाही. ते म्हणाले, "मी बारमाही हळदीतच असतो, येगळी कशाला लावायची?" त्या मुलाच्या आईंना त्या वेळी हे सुचले असते तर तुला नवे कपडे मिळाले असते. येत्या रविवारी आपल्या विहारात त्रिशरण, पंचशील, फुले आणि चहा. काल लग्न लावणाऱ्या बोधाचार्यांनी विचारले, मुलीकडून कोण उभे राहणार? या वयात त्यांनी 'मुलगी' म्हटले, ते मी दुरुस्त केले नाही. बाबा नाहीत. मी तुझे नाव सांगितले आहे. गुडघा दुखत असेल तर बसून राहिलास तरी चालेल, पण माझ्या शेजारी बस. आणि या वेळी तुला सगळ्यात आधी कळवले आहे, हे भावकीत सांगायला हरकत नाही.

ता. क. ३. स्पिरिटमधला रंग साबणाने जात नाही आणि लिंबानेही जात नाही, सर्व करून पाहिले. त्यामुळे रविवारी फोटोत माझे हात पिवळे दिसतील. लक्ष्मीने हसू नये. ते संशोधन आहे.