टेंभुर्णीच्या पुढे लागलेला तांबडा दिवा

अप्पा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. वयानं मी आता तुमच्यापुढे गेले आहे, तरी कुणाच्याही गाडीत बसले की माझी नजर आधी स्टिअरिंगमागच्या दिव्यांवर जाते.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, मी तेरा वर्षांची होते. तुम्ही जुनी काळी गाडी घेतलीत आणि त्याच आठवड्यात आपण अकलूजला मामाकडे गेलो. तिथे भर दुपारी आईला दम्याचा झटका आला. मामा म्हणाला, "दाजी, हितं न्हाई भागायचं. सोलापूरला न्या." मामी आईला धरून मागे बसली, मी तुमच्या शेजारी. निघताना मी काहीतरी विचारलं, तर तुम्ही ओरडलात, "एकदम गप बसायचं! माझं लक्ष जातं." तुम्ही गाडी नुकतीच शिकला होतात.

टेंभुर्णी मागे पडली. आईच्या श्वासाची शिट्टी मागून ऐकू येतेय, आणि मग इंजिनातून खडखड सुरू होते. तुम्ही खाली बघता. तेलाचा तांबडा दिवा लागलेला. गाडी कडेला घेऊन तुम्ही बॉनेट उघडता आणि नुसते बघत उभे राहता. सगळ्या घराला ज्यांची भीती वाटायची ते तुम्ही घाबरला होतात, आणि त्यानं मी जास्तच घाबरले.

एक ट्रक थांबला. पिकल्या दाढीच्या ड्रायव्हरनं तेल बघायची पट्टी ओढली, तिच्या टोकाला जेमतेम ओल. "साहब, बत्ती कबसे जलरई?"

"आत्ताच लागली," म्हणत तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी होकारार्थी मान हलवली.

त्यानं स्वतःच्या डब्यातलं तेल ओतलं. "धीरे जाव. फिर जली तो वहींच रुको."

दिवा विझला, खडखड राहिली. तुम्ही म्हणालात, "बाळ, मी रस्ता बघतो, तू दिवा बघ." मोहोळच्या पुढे मागची शिट्टी थांबली. वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. मामी "वन्सं, वन्सं" म्हणत आईचे गाल थोपटत राहिली, तेव्हा कुठे श्वास परत ऐकू आला.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, आई वाचली. इंजिन मात्र गेलं. तेलाशिवाय बरंच पळालंय, असं मिस्त्री म्हणाला. तुम्ही गाडी मोडीत काढलीत आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाहीत. आल्यागेल्याला सांगायचात, "मला दिवा दिसलाच नाही. माझ्या हातनं गेली असती ही." शेवटच्या आजारातही ते म्हणालात, आणि मी उशाशीच बसले होते.

अप्पा, मला दिसला होता. टेंभुर्णी सुटली तेव्हाच. रस्त्याकडेचे किलोमीटरचे पाच दगड गेले. प्रत्येक दगडाला तुमची हाक ओठांवर आली आणि तुम्ही ओरडाल म्हणून गिळली.

आई आतून विचारतेय, "काय लिहितीस गं एवढं?" काही नाही, म्हणाले.