संकोच वाटतो, सबब

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, महिला महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेची निवृत्त प्रमुख, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. राग आहे, परंतु रागाने मृत्युपत्र रद्द होत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी फारच गोड लिहिले होते.

१. घर. दोन खोल्या आणि गॅलरी, हे सर्व माझ्या नातीला, म्हणजे पुतण्याच्या मुलीला. ती सतरा वर्षांची असून यंदा कॉलेजात प्रवेश घेणार आहे. मी असेपर्यंत आतली खोली तिची, मागाहून दोन्ही. कोणत्याही कॉलेजात गेली तरी एका खाटेसाठी तिला कोणाच्या तोंडाकडे बघावे लागू नये.

२. वरील गोष्टीचे कारण. गेल्या महिन्यात नातीने टेबलावर प्रवेशाचे फॉर्म पसरून विचारले, "आत्याआजी, तू बायकांच्याच कॉलेजात का गं गेलीस?" मी तोंड उघडण्याच्या आत तिची आजी, म्हणजे माझी वहिनी, भाजी निवडता निवडता म्हणाली, "तिला मुलांचा संकोच वाटायचा. पहिल्यापासून बुजरीच ती." मी गप्प बसले. चोपन्न वर्षांची सवय एका दुपारी सुटत नाही. म्हणून लिहिते.

वहिनी ही वहिनी होण्याआधी माझी शाळेतली मैत्रीण. आम्ही एका बाकावर बसायचो, एका डब्यात जेवायचो. त्या वर्षी मोठ्या कॉलेजात, जिथे मुलगे-मुली एकत्र शिकत, मुलींच्या वसतिगृहात एकच खाट शिल्लक होती. यादीत माझे नाव पहिले, तिचे दुसरे. खाट मला मिळाली. ती आमच्या जिन्यात बसून रडली. म्हणाली, "तू गेलीस तर मला एकटीला घरचे कुठेच पाठवणार नाहीत. बायकांच्या कॉलेजात दोघींना जागा आहे. चल ना, दोघी जाऊ." मोठे कॉलेज मला हवे होते, मैत्रीण त्याहून जास्त हवी होती. मी हो म्हटले. प्रवेश सोडण्याचे पत्र तिने सांगितले, मी लिहिले. कारण काय लिहू विचारले, तर म्हणाली, "लिही, मुलांबरोबर शिकण्यास संकोच वाटतो, सबब. म्हणजे कुणी फाटे फोडणार नाही." संकोच! दादाच्या चार मित्रांच्या सायकलींच्या साखळ्या मी बसवून देत होते. ते पत्र तिने पोस्टात टाकले.

बायकांचे कॉलेज उघडले त्या दिवशी मी तिथल्या वसतिगृहात तिच्यासाठी खिडकीजवळची खाट धरून संध्याकाळपर्यंत बसले. तीन आठवड्यांनी दादाचे पत्र आले. तो मोठ्या कॉलेजात वरच्या वर्गात होता. "तुझी मैत्रीण इथे दिसली. तू का नाही आलीस?" माझी खाट यादीतल्या दुसऱ्या नावाला गेली होती. पुढे चार वर्षांनी ती माझी वहिनी झाली. लग्नात माझ्या कानाशी लागून म्हणाली, "झालं गेलं विसरून जाऊ." दादाला मी शेवटपर्यंत हे सांगितले नाही. सांगितले असते तर त्याचा संसार नासला असता आणि मला सुटीत जायला घर उरले नसते. दादा जाऊन सहा वर्षे झाली.

३. शिल्लक. बँकेत जे असेल ते महिला महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला. कॉलेज चांगले निघाले, हे कबूल करते. तिथे बाहेरचा मिस्त्री आत आणायचा तर तीन सह्या लागत आणि महिना जाई. पहिल्याच सत्रात हवा काढायचा पंप बंद पडला, तेव्हा पदार्थविज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "मिस्त्रीला महिना आहे, परीक्षेला पंधरा दिवस. खोला मुलींनो." मी खोलला. परत जोडताना दोन स्क्रू उरले, तरी चालला. शिक्षण संपल्यावर तिथेच नोकरीला लागले आणि अडतीस वर्षे तिथली यंत्रे मीच उघडली. हातात सदा नट फिरवायचा पाना, म्हणून मुली मला पाठीमागे पानाबाई म्हणत.

यावर वहिनी म्हणते, "बघ, तुझं भलंच झालं." झाले. तो कॉलेजचा गुण, तिचा नव्हे. खड्ड्यात ढकललेल्याला तिथे पाणी लागले, म्हणून ढकलणाऱ्याने विहीर खणली असे होत नाही.

पाटी नको, फोटो नको. अट एकच. माहितीपुस्तिकेत 'मी हे महाविद्यालय का निवडले' या मथळ्याखाली दरवर्षी माझे अर्धे पान छापतात, ते काढावे. 'स्वावलंबनाच्या ओढीने' वगैरे मी लिहिले ते खोटे आहे. जिने खरोखर निवडले, अशा एखाद्या मुलीला तिथे लिहू द्यावे.

४. हत्यारे. पाने, चिमटे आणि घड्याळजीचे भिंग सध्याच्या प्रयोगशाळा सहायिकेला. लहान पेचकस कपाटात सापडणार नाही. तो दोन वर्षे तिच्याचकडे आहे आणि मला माहीत नाही असे तिला वाटते.

५. वहिनी. तिला काही नाही. दादाच्या आजारपणात तिने आठ महिने त्याचे जे केले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्यासाठीच दादा गेल्यावरही तोंड मिटून राहिले. पण माझी जागा घेऊन वर ते कारणही माझ्याच गळ्यात, तेही नातीसमोर! हे मला खाटेपेक्षा जास्त लागले. नातीने कोणतेही कॉलेज घ्यावे. कारणाच्या रकान्यात दुसऱ्याने सांगितलेले वाक्य लिहू नये.

साक्षीदाराला मजकूर माहीत असण्याची गरज नसते, असे वकीलबाई म्हणाल्या. मला होती. म्हणून दुसरी साक्षीदार वहिनी आहे आणि सहीपूर्वी तिला हे सर्व वाचायला दिले.

दुरुस्ती. वहिनीने मजकूर दोनदा वाचला. मग चष्मा काढून म्हणाली, "एक चुकलंय. मी ते पोस्टात नव्हतं टाकलं. पोस्टानं चार दिवस गेले असते. मी बसनं जाऊन ऑफिसात हातात दिलं. आणि तिथंच उभं राहून माझा अर्ज पुढे केला." नात तेव्हा दारात उभी होती. तिने विचारले, "आजी, खरंच?" वहिनीने होकाराची मान डोलावली आणि सहीसाठी पेन मागितले. सबब कलम २ मधील 'पोस्टात टाकले' हे शब्द खोडून 'स्वतः नेऊन दिले' असे वाचावे.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: अकरा मार्च, सकाळचे साडेदहा.

मृत्युपत्र करणार: (सही)

साक्षीदार पहिली: शेजारच्या दातांच्या डॉक्टर (सही)

साक्षीदार दुसरी: वहिनी (सही). दुरुस्ती मी सांगितलेली, मान्य.