रॉकेलचं टिपाड

निलंगा,
१० फेब्रुवारी १९८६

प्रिय रुद्राणी,

दिवाळीपर्यंत लातूरच्या कॉलेजात आपण एका बाकावर होतो, आणि आता तू तिथंच बी.एस्सी.ची तयारी करतेयस अन् मी इथं टँकरच्या रांगेत. नवा जिल्हा झाला म्हणून भारी कौतुक, पण टँकर येतो तीन दिवसांनी. लग्न ठरताना 'शिकू देऊ' म्हणणाऱ्या मामंजींनी 'आधी पाऊस पडू दे' म्हणून विषय मिटवला. माझ्या अप्पांना कळवलं, तर ते म्हणाले सासरचं ऐक. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत दोन्ही ऑक्सिजन विरुद्ध बाजूंना सारखंच ओढतात, म्हणून एकूण ओढ शून्य. माझे ओढणारे दोघंही एकाच बाजूला, बाई!

परवा यांनी रॉकेलचं टिपाड न धुताच टँकरखाली लावलं. वर तवंग, घरभर वास. सासूबाई म्हणाल्या, नासलं, ओतून टाका. मला लई राग आला. तीन दिवसांचं पाणी ते! पाण्याचा रेणू वाकडा, ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण, हायड्रोजनची धन, म्हणून ते एकमेकांना धरून बसतात आणि रॉकेलला आत घेत न्हाईत, हे आपण दोघींनी किती घोकलं होतं. मी टिपाडाला कुणाला हात लावू दिला न्हाई. पाण्यानं भरलेली रबरी नळी, तवंग आत शिरू नये म्हणून तोंड अंगठ्यानं दाबून, तळाशी सोडली आणि खालचं पाणी काढून घेतलं. प्यायला न्हाई, पण धुण्याला, सारवायला चाललं. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. वाटलं, आता मामंजी स्वतःच परीक्षेला पाठवतील.

ते खूशच झाले. सगळ्यांसमोर म्हणाले, "शिकलेली सून लई कामाची हाय. आता घरचं पाणी हिच्याच हाती. हिला कुठंबी पाठवायचं न्हाई." सगळ्यांबरोबर मीही हसले गं. मग न्हाणीत जाऊन रडले.

हे पत्र बांगड्या भरायला येणाऱ्या कोंडाबाईजवळ देतेय, ती बुधवारी लातूरला जाते. सोबत परीक्षेचा फॉर्म आहे, सही केलेला. तेवढा भर. उत्तर लिहू नकोस, इथं पत्र आधी मामंजी वाचतात. पेपरच्या दिवशी मी पहिल्या एस.टी.नं निघेन, कुणाला न विचारता. घंटा होऊनही आले न्हाई, तर मला आत ठेवून बाहेरून दार लावलंय असं समज. तुझा पेपर झाला की सरळ इथं ये. सगळ्यांसमोर मी म्हणेन, मला न्हाई यायचं. तरी घेऊन जा.

तुझीच,
शिवकांता